पुरचुंडीतलं बी

रशीदभाई,

डबा मिळाला. तुमची शबनम स्वतः घेऊन आली, शाळा सुटता सुटता. ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, दवाखान्यात जायच्या आधी अब्बांनी सांगून ठेवलं होतं. हा हेडसरांनाच द्यायचा." मी बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. घरी अजून माणसं भेटायला येत होती. तुम्हाला जाऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. आज बावीस झाले.

डबा तोच, बिस्किटांचा, निळा. झाकणावरचं चित्र आता पार घासून गेलं आहे. मी तो टेबलावर ठेवला आणि हजेरीपट बघत बसलो. तुमच्याशी संबंधित काहीही समोर आलं की हजेरीपट बघायची सवय मला सात वर्षांपूर्वी लागली. कशी लागली, ते तुम्हाला माहीत आहे. बाकी कोणाला माहीत नव्हतं, एका पोरीशिवाय.

तुमच्याबद्दल लिहायचं तर लोकांना तुमच्या नोकरीची वर्षं आणि बदल्यांची गावं हवी असतात. ती मी लिहीत नाही. मला आठवतो तो सातवीचा वर्ग. पायल पहिल्या बाकावरून उठून तुम्हाला म्हणाली होती, "सर, ताप येते अन् जाते. जाते त कोन हाकलते त्याले?" मी व्हरांड्यात उभा होतो. पुस्तकात उत्तर होतं, चार ओळींचं. तुम्ही ते वाचून दाखवलं नाही. म्हणालात, "उद्या सांगतो बाप्पा. आज मलेच नीट माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही हा डबा घेऊन आलात. भाभींनी एकाच कापडाच्या चाळीसेक पुरचुंड्या शिवून दिल्या होत्या, बोराएवढ्या, प्रत्येकीला मनगटावर बांधायला दोरा. मैदानात तुम्ही चुन्याच्या फक्कीनं मोठं रिंगण आखलं. "हे शरीर. हे फक्कीची रेघ म्हंजे कातडी. अन् इथं रेघ तुटली हाय, हे जखम." पोरांनी एकेक पुरचुंडी डब्यातून न बघता काढायची आणि बाहीखाली बांधायची. बहुतेक पुरचुंड्यांत सरकी, म्हणजे ती पोरं शरीराची. पाच-सहांत तूर, म्हणजे जंतू. दोन-तीनांत जवस. जवस म्हणजे पाहुणे. "दह्यात जंतू असतेत का नाही? भायेरूनच येतेत. पन पोटात गेले का कामाले लागतेत. त्याहिले हाकलाचं नाही."

पाच पोरं पहारेकरी. प्रत्येकाच्या खिशात एकच बी, कोणाकडे मका, कोणाकडे एरंडी, एकाकडे तूर. डोळे मिटून त्यांनी गर्दीतल्या एकेकाचं मनगट चाचपायचं आणि आपल्या खिशातल्या बियासारखं बी सापडलं तरच ओरडायचं. तुरीवाल्याला तूर सापडेपर्यंत बाकीच्यांनी तळहात घासायचे, जोरजोरात. तो ताप. सापडली की तुरीवाला चार जणांच्या हातावर तूर ठेवायचा, तेही तुरीचे पहारेकरी व्हायचे आणि मग जंतू पटापट बाहेर. खेळ संपला की सगळे घरी, एक सोडून. त्या एकानं तूर खिशात ठेवायची, आठवडाभर. तो "आठवण". पुढच्या शनिवारी पुन्हा तूर आत आली की आठवण उठायची, आणि हात गरम व्हायच्या आत खेळ खलास.

मी तुमच्याशी भांडलो होतो. आठवतं? मी म्हणालो, साधं सैनिक म्हणा, पुठ्ठ्याच्या तलवारी द्या, पोरांना मजा येईल. तुम्ही म्हणालात, "सैनिक कायले सर? सैनिकाले हुकूम लागते. पेशीले हुकूम कोन देते? थे फकस्त वळखते. वळखनं शिकवाचं हाय, मारनं नाही." मी म्हणालो, परीक्षेत व्याख्या विचारतात, ओळखणं विचारत नाहीत. तुम्ही हसलात. हा वाद तसाच राहिला. मला तेव्हा वाटायचं, तुम्ही उगीच बारीक कातता.

आणि नियम. नाव विचारायचं नाही, चेहरा बघायचा नाही, कोणत्या गावचा ते विचारायचं नाही. बोटानं ओळखायचं. दर शिट्टीला पुरचुंड्या परत डब्यात, पुन्हा नव्यानं काढायच्या. कोणीही कायमचा जंतू नाही. हा नियम तुम्ही इतक्यांदा सांगायचात की पोरं तुमची नक्कल करायची.

पहिली आठवण पायल होती. तुरीचा दाणा तिनं गणवेशाच्या खिशात ठेवला. धुतलेला गणवेश दोन-तीन दिवस ओल्या कपड्यांच्या ढिगात पडून राहिला आणि तुरीला मोड आला. पोरगी रडत आली. "सर, याडीनं धुतलं, माही तूर उगवली." याडी म्हणजे त्यांच्या तांड्यावर आई. तुम्ही तो मोड हातावर घेऊन सगळ्या वर्गाला दाखवलात. "पाहा, जंतू असाच वाढते. आता मले सांगा, आठवन त ठेवाची हाय, पन वाढाले नाही पायजे. काय कराव?" मग पायलच म्हणाली, "भाजून देऊ."

तुम्ही तिथंच खाली बसलात. चक्क जमिनीवर. म्हणालात, "पोरी, लसीचा धडा पुस्तकात पुढं हाय. तू आजच करून टाकला." भाजलेली तूर उगवत नाही, पण बोटाला तुरीसारखीच लागते. त्या दिवसापासून डब्यात भाजलेल्या तुरीची एक वेगळी पुडी असायची आणि तुमच्या खिशाला कायम तो वास असायचा.

आता मला त्या दिवसाबद्दल लिहायला हवं.

त्या वर्षी पोरांना ओळखपत्रं मिळाली होती. दोऱ्या दोन रंगांच्या आल्या, निळ्या आणि पिवळ्या. तांड्यावरच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे कागद वेगळे पाठवावे लागत, तेव्हा त्यांना वर्गावर्गातून शोधून काढायला नको, म्हणून मी त्यांच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्या बांधल्या. बाकीच्यांना निळ्या. तुम्ही एकदा विचारलंत, "काहून सर, असं?" मी म्हणालो, ऑफिसच्या सोयीसाठी. तुम्ही मान हलवलीत, पण ती हो म्हणणारी नव्हती.

आणि त्या दिवशी तुम्ही भाभींचे डोळे दाखवायला यवतमाळला गेलेलात. तालुक्याहून साहेब लोक येणार होते चार वाजता, आले अकराला. त्यांनी तुमच्या खेळाचं ऐकलं होतं. "दाखवा की, हेडसर." डबा तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. माझ्यासमोर साठ पोरं रांगेत उभी, गळ्यात निळ्या-पिवळ्या दोऱ्या. मी विचार केला नाही, रशीदभाई. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. विचार केला नाही, हीच माझी चूक आहे. मला दोन गट हवे होते, आणि दोन गट मी स्वतःच करून ठेवलेले होते.

मी शाळेची शिट्टी वाजवून म्हणालो, "पिवळी दोरीवाले जंतू. निळी दोरीवाले शरीर. चला, सुरू करा."

पुरचुंड्या नव्हत्या, म्हणून बोटानं ओळखायचं नव्हतं. डोळे मिटायचे नव्हते. पाहुणे नव्हते. शिट्टीला गट बदलले नाहीत, कारण बदलायला काही नव्हतंच. पोरांनी खेळ झटक्यात संपवला. पिवळ्या दोरीवाल्यांना ढकलत ढकलत फक्कीबाहेर काढलं आणि ओरडले, "परके, परके." साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायल तुटलेल्या रेघेपाशी उभी होती. तिचा कोपर खरचटला होता. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, मी त आठवन होती ना." मी म्हणालो, "पुढच्या वेळी." आणि साहेबांच्या चहाचं बघायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, फुलसिंगभाऊ, तिला घेऊन ऑफिसात आले. तुम्ही नुकतेच पोहोचला होतात. पोरांनी वाटेतच तुम्हाला सगळं सांगितलं होतं, हे मला मागून कळलं.

"कोन हाय थो सय्यद मास्तर?"

"म्या हाय भाऊ. बसा," तुम्ही म्हणालात.

"बसाले नाही आलो. पोट्टे सांगतेत, सय्यद सरच्या खेळात तांड्याचे जंतू अन् गावाचे शरीर. माह्या पोरीले ढकलून काढलं भायेर. हा खेळ तुमचाच ना?"

सगळी शाळा त्याला "सय्यद सरचा खेळ" म्हणायची. पोरांनी घरी तेच सांगितलं होतं, यात त्यांची काय चूक. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. घाई नव्हती त्या पाहण्यात. तुम्ही मला वेळ देत होता. मी हजेरीपट उघडला.

"खेळ माहाच हाय भाऊ," तुम्ही म्हणालात. "चुकलं."

"चुकलं म्हनता. आमाले आयुष्यभर हेच आयकाले भेटलं, आता शाळेतबी?"

"चुकलं," तुम्ही पुन्हा म्हणालात.

पायल वडिलांचा हात धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. ती तुमच्याकडे बघत नव्हती. तेरा वर्षांची पोर, तिला ठाऊक होतं शिट्टी कोणाच्या हातात होती. ती वाट बघत होती. हेडसर बोलतील, असं तिला त्या क्षणापर्यंत खरंच वाटत होतं. ते वाटणं तिच्या डोळ्यांतून गेलं, तेही मी पाहिलं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "मी बोलणारच होतो, रशीदभाई."

तुम्ही म्हणालात, "हो." मग म्हणालात, "नियम म्या भिंतीवर लिहून ठेवाले पायजे होते. माहंबी चुकलंच सर." आणि वर्गावर गेलात. त्या दिवसानंतर तुम्ही तो खेळ घेतला नाहीत. मी पिवळ्या दोऱ्या काढून टाकल्या, सगळ्यांना निळ्या मागवल्या, आणि आपण फार मोठं काही केलं असं स्वतःला पटवलं.

पायल अकरा दिवस शाळेत आली नाही. तुम्ही रोज सुटी झाल्यावर तांड्याच्या फाट्यापर्यंत जायचात. फुलसिंगभाऊ आत येऊ देत नव्हते. तुम्ही फाट्यावरच्या पळसाखाली थोडा वेळ उभे राहायचात आणि परत यायचात. बाराव्या दिवशी ती आपणहून आली. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत. तिच्या वहीवर भाजलेल्या तुरीचा एक दाणा ठेवलात, इतकंच. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, तिनं सांगितलं, गेल्या रविवारी.

त्यानंतर मला आणखी एक संधी मिळाली होती. कोरोनाची लस आली तेव्हा माणसं घाबरत होती. तुम्ही हा डबा घेऊन माझ्या गाडीवर मागे बसायचात आणि आपण गावोगाव फिरायचो. पारावर बसून तुम्ही एका हातात साधी तूर ठेवायचात, दुसऱ्यात भाजलेली. "डोये मिटा अन् सांगा, कोनती कोनती." कोणालाच ओळखता यायची नाही. "आता या दोन्ही पेरा. कोनती उगवन?" म्हाताऱ्या बायासुद्धा हसायच्या. तुमचं ते दुकान मला फार आवडायचं. पण तांड्यावर फुलसिंगभाऊ वाटेतच आडवे आले.

"तुमी नका येऊ मास्तर. तुमचा एक खेळ पायला आमी."

तुम्ही म्हणालात, "ठीक हाय भाऊ. रामराम." त्यांनी तोंड फिरवलं. मी गाडीवर बसून होतो. इंजिन चालू होतं. एक वाक्य होतं बोलायचं: फुलसिंगभाऊ, तो खेळ मी घेतला होता. तोंडात आलंही होतं. तुम्ही मागं बसलात आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "चला सर." मी गिअर टाकला. आजही मी म्हणू शकतो की तुम्हीच चला म्हणालात. म्हणत नाही.

फाट्यावर पायल उभी होती, दहावीत असेल तेव्हा. तिनं तुमच्यापुढं ओंजळ केली. तुम्ही पुडीतली सगळी भाजलेली तूर तिला दिलीत. पुढच्या आठवड्यात सिस्टर लसी घेऊन तांड्यावर गेल्या तेव्हा पहिली खुर्ची पायलच्या याडीनं घेतली. तुम्हाला ते कळलं त्या दिवशी तुम्ही ऑफिसात येऊन नुसते बसलात, खूश होऊन. म्हणालात, "आठवन उठली सर."

मग तुमची बोटं वाकायला लागली. सकाळी खडू धरवेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीराची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उठल्या आहेत. तुम्ही मला ते पोरांना सांगावं तसं समजावलंत, वाकडी बोटं टेबलावर ठेवून. "माहे पहारेकरी मलेच वळखून नाही राह्यले. सरकीलेच तूर समजतेत." मी म्हणालो, औषध असेल की. तुम्ही म्हणालात, "हाय ना. पहारेकऱ्याले झोपवाचं. पन मंग भायेरचाबी खुशाल आत येते." आणि म्हणालात, "भायेरच्यानं मारलं त समजते सर. घरच्यानं मारलं त काय समजाव?"

तुम्ही आजाराबद्दलच बोलत होता का? हे मी तुम्हाला तीन वर्षांत विचारू शकलो नाही. तुमचा चेहरा नेहमीसारखा होता. तुम्ही टोमणा मारणारे नव्हता. पण मी त्या रात्री जेवलो नाही, हे तुम्हाला आता सांगतो. शेवटी तो बाहेरचाच एक साधा खोकला आत आला आणि पहारेकरी झोपलेले होते.

तुमच्या मातीला मी होतो. सगळ्यांनी तीन-तीन मुठी टाकल्या, मीही टाकल्या. काळी, ओलसर माती. टाकण्याआधी मी ती बोटांनी चाचपत होतो. तुमच्या भाच्यानं माझ्याकडे विचित्र पाहिलं. त्याला काय सांगणार.

तर डबा. संध्याकाळी मी तो उघडला. पुरचुंड्या होत्या, शिट्टी होती, भाजलेल्या तुरीची पुडी होती, खवट झालेली. आणि तळाशी घडी घातलेला फुलस्केप कागद. तुमचं सरळ अक्षर, म्हणजे बोटं वाकायच्या आधीचं. वर लिहिलं होतं: "खेळाचे नियम. खेळ कोणीही घेवो." एकेक नियम मला पाठ होता. पुरचुंडी ज्याची त्यानं काढावी. डोळे मिटावे. शिट्टीला बदल करावा. शेवटचा नियम मात्र मी कधी ऐकला नव्हता.

"पहारेकऱ्यानं भलत्याच गड्याला पकडलं, तर खेळ थांबवावा. ‘माझं चुकलं’ असं त्यानं स्वतः मोठ्यानं म्हणावं. त्याच्यासाठी दुसऱ्यानं म्हणू नये. मग खेळ पुढं चालू करावा."

दुसऱ्यानं म्हणू नये. तुम्ही म्हटलंत, आणि मग बसून हा नियम लिहिलात. सात वर्षं तो डब्याच्या तळाशी ठेवलात. माझ्यावर कधी उगारला नाहीत.

मी पायलला फोन लावला. ती आता यवतमाळला नर्सिंग शिकते. मी म्हणालो, "मला तुझ्या बाबांना भेटायचंय." ती म्हणाली, "रविवारी मी घरी येऊन राह्यली सर. या तुमी." आणि फोन ठेवताना म्हणाली, "लई उशीर केला सर."

फुलसिंगभाऊ अंगणात सोयाबीनची पोती शिवत बसले होते. पायलनं चहा आणला आणि दारातच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. दोऱ्या, साहेब लोक, शिट्टी. ऑफिसातला तो दिवस. गाडीवरचा दिवस. दाभण पोत्यात तसंच राहिलं.

मग पोरीला म्हणाले, "तुले मालूम होतं?"

"हो बापू."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सय्यद सर बोल्ले होते, हेडसर सांगतीन. म्हने, त्याहिलेच सांगू दे."

हे मला माहीत नव्हतं, रशीदभाई. तुम्ही तिला असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे तुम्ही तिच्यासमोरही माझी वाट बघत राहिलात, शेवटपर्यंत.

फुलसिंगभाऊ माझ्याकडे वळले. "थो मानूस मले दरडाव रामराम करे. बाजारात, यष्टीत, तहसीलीत. सात वर्सं. म्या एकडावबी घेतला नाही." मग म्हणाले, "आता हे मले कायले सांगता? तुमाले हलकं वाटाव म्हनून?"

मी म्हणालो, "थोडं तेही असेल."

"मंग तुमचं वझं माह्यावर टाकलं की तुमी. म्या आता कोनाले रामराम करू?"

मी उठलो नाही. जावं असंही ते म्हणाले नाहीत. मग त्यांनी दाभण ओढून टाका पुरा केला.

"मले सांगून भागत नाही," ते म्हणाले. "जिथं पोरगी उभी होती तिथं सांगा. सगळ्या पोट्ट्याईसमोर. मायबापाईले बलवा."

काल शनिवार होता. सकाळची शाळा. मी पालकांना निरोप पाठवला होता. गावातलेही आले, तांड्यावरचेही. पायलनं फक्कीचं रिंगण आखलं, तुमच्यासारखंच, जखमेची जागा सोडून. मी त्या जागेवर उभा राहिलो. कागद घेतला नव्हता. मी म्हणालो, सात वर्षांपूर्वी इथं एक खेळ झाला. तो सय्यद सरांचा नव्हता, मी मोडून-तोडून केलेला होता. तांड्यावरच्या मुलांना मी जंतू केलं. सय्यद सरांनी तो आरोप स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला. माझं चुकलं.

गावातल्या एकानं खाली बघितलं. त्या दिवशी ढकलणाऱ्यांत त्याचा मुलगा होता. एक म्हातारी शेजारणीला हळूच म्हणाली, "इतकी वर्सं काय करून राह्यलता मंग हा?" तिचं बरोबर होतं.

मग पोरांनी डब्यातून पुरचुंड्या काढल्या. भाजलेली तूर ताजी होती, पायलच्या याडीनं सकाळीच भाजून दिली होती. खेळ झाला. पहिल्या डावाला पोरांचे हात घासून लाल झाले. दुसऱ्या डावाला आठवण झालेली पाचवीतली एक पोरगी इतक्या जोरात ओरडली की बाकीचे दचकले. जवसवाल्याला पहारेकऱ्यानं चाचपलं, विचार केला, आणि सोडून दिलं. तुम्ही असता तर इथं थांबून एक मोठं भाषण केलं असतं.

फुलसिंगभाऊ फाटकाबाहेरच उभे होते. एका पोरानं डबा त्यांच्यापुढं धरला. "घ्या ना बावा, एक उरली." त्यांनी घेतली. फिरवून बघितली. मला विचारलं, "यात काय हाय?"

"उघडायचं नाही," मी म्हणालो. "बोटानं ओळखायचं."

खेळ संपल्यावर ते माझ्या गाडीपाशी आले आणि न विचारता मागे बसले. म्हणाले, "कब्रस्तानात चला."

आम्ही महागावला पोहोचलो, तुमच्या कब्रस्तानात. तुमच्या मातीवर अजून काही उगवलेलं नाही, पाण्यानं ती जरा खचली आहे. मी मागे थांबलो. ते जवळ गेले, चपला काढल्या. पुरचुंडी मुठीतच होती, तिच्यासकट त्यांनी हात जोडले.

"रामराम, मास्तर."

म्हणून झाल्यावर ते लगेच वळले नाहीत. रामराम केल्यावर समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून माणूस जेवढं थांबतो, तेवढं थांबले. मग थोडं आणखी. मग चपला घालून गाडीपाशी आले.

पुरचुंडीत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.